यंदा गौरी कोणाकडे

माझ्या मोठ्या जाऊबाई कायमच्या जर्मनीला निघाल्या हे कळलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: बरं झालं, आता गौरी माझ्याकडे येणार. दुसरा विचार यायच्या आधीच पोटात दुखायला लागलं. ते दुखणं पुढे बरेच महिने टिकलं आणि त्यावर ओव्याचा काही उपयोग झाला नाही.

त्यांचा मुलगा आधीच तिकडे शिकत होता. आता मोठ्या दिरांना तिकडच्याच एका कारखान्यात नोकरी लागली. दिरांनी पेढे आणले, नवऱ्याने भावाला मिठी मारली, मी पेढा खाल्ला आणि गोड लागला असं सांगितलं. आमच्या कपाटातही दोन पासपोर्ट आहेत. लग्नानंतर आम्हीही कॅनडाला जायचं म्हणत होतो. मग नवऱ्याला अंबरनाथच्या एमआयडीसीत बरी नोकरी मिळाली, मुलगी झाली, आणि पासपोर्ट लग्नाच्या अल्बमखाली कोरेच्या कोरे पडून राहिले. त्यांची मुदत संपली ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. आता पेढे बघून आठवलं.

गौरींचं सांगते. आमच्या सासरच्या गौरी पितळी मुखवट्यांच्या. सासूबाईंच्या सासूने घडवून घेतलेले दोन चेहरे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. मुखवटे थोरल्या सुनेकडे राहायचे हा घरचा रिवाज, म्हणून दरवर्षी गौरी बदलापूरला, जाऊबाईंच्या मोठ्या हॉलमध्ये बसायच्या, आणि आम्ही अंबरनाथहून आमचं बिऱ्हाड उचलून तीन दिवस तिकडे मुक्कामाला. साड्या मात्र मी नेसवायची. मी घरी फॉल-पिकोचं काम करते, उल्हासनगरच्या दुकानांच्या साड्यांचे गठ्ठे माझ्याकडे येतात, त्यामुळे कापड कसं वागेल हे माझ्या बोटांना कळतं. लोखंडी स्टँडवर साडी नेसवणं म्हणजे खेळ नाही. त्याला कंबर नसते, खांदे नसतात, आणि तरी बघणारीला वाटलं पाहिजे की आत्ता ही बाई वळून बोलेल. मी सकाळपासून तोंडात पिना धरून उभी असायची. पुरणही मीच वाटलेलं असायचं. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणायच्या, "काय सुंदर बसवल्यात हो गौरी तुम्ही!" आणि ते जाऊबाईंना म्हणायच्या. जाऊबाई नवीन साडीत हसून सांगायच्या, "अहो, हिची मदत असते ना."

मदत! सोफ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या त्यांनी, आणि मदत माझी.

तर आता हे सगळं संपणार होतं. त्या जाणार म्हणजे थोरली जाणार, म्हणजे मुखवटे धाकटीकडे येणार. साधा हिशोब होता. त्या विमानात बसणार याचा जेवढा जळफळाट व्हायचा, त्यावर मी हा गौरींचा लेप लावायची. तू जा बाई जर्मनीला, गौर माझ्या घरी येणार आहे.

तयारीला मला बरोबर नेलं जायचं, कारण भाव करायला मी लागते. भर मे महिन्यात आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचच्या बाजारात थंडीचे कपडे शोधत फिरलो. जाऊबाई आणि मी अंगाने सारख्या. त्यांना उकडत होतं म्हणून जॅकेट त्यांनी मला घालायला लावलं. गुडघ्यापर्यंत लांब, फरच्या टोपीचं, आत मऊ अस्तर. दुकानातल्या आरशात मी पाहिलं तर परदेशी निघालेली बाई मीच होते. घामाच्या धारा लागल्या होत्या तरी मला ते काढावंसं वाटेना. मी खिशात हात घातले, टोपी डोक्यावर ओढली.

दुकानदार सिंधीकाका खूश झाला. "दीदी, एकदम फिट! बर्फ में भी पसीना आएगा. दोनों बहनें जा रही हो?"

"नहीं नहीं," जाऊबाई हसत म्हणाल्या, "मैं जा रही हूँ. ये तो इधरच रहेगी."

मी जॅकेट काढलं. त्यांच्यासाठी घासाघीस करून भाव चांगला पाडून दिला आणि पिशवीही मीच उचलली, पण रिक्षात त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. त्या फोनवर कुणाला तरी तिकडे भेंडी मिळते का ते विचारत होत्या.

मग त्यांचं रिकामं होणारं घर हळूहळू माझ्या घरात यायला लागलं. दर रविवारी दीर गाडीतून काहीतरी आणून ठेवायचे. झाकण तडकलेला मिक्सर, अर्धी उरलेली फिनेलची बाटली, कुणी कधीच न चालवलेली व्यायामाची सायकल, कढीपत्त्याची कुंडी. जाऊबाईंचं प्रत्येक वस्तूबरोबर एकच वाक्य असायचं, "तुला होईल गं." मला नको असायचं, आणि नाही म्हणावं तर वाटायचं, हिच्याकडे एवढं होतं, त्यातलं निदान एवढं तरी घ्यावं. हेव्याचं असंच असतं. फिनेलसुद्धा सोडवत नाही. आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या सायकलवर आम्ही टॉवेल वाळत घालायला लागलो.

सगळ्यात शेवटी सासूबाई आल्या. आजवर त्या बदलापूरला थोरल्याकडे असत. एक बॅग, एक गादी, औषधांचा डबा. "आईंना तुझ्याकडेच बरं वाटेल," जाऊबाई म्हणाल्या. मला त्यातही 'तुला होईल गं'च ऐकू आलं. पण मी आनंदाने घेतलं, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, आई आल्या, आता मागोमाग मुखवटे. कपाटाचा वरचा कप्पा पुसून कोरा कागद घातला. गठ्ठे पाठवणाऱ्या एका दुकानदाराच्या बायकोला सांगून काठापदराच्या दोन साड्या घेतल्या, एक हिरवी, एक डाळिंबी, आणि लोकांच्या साड्या बाजूला सारून त्यांना आधी फॉल लावला. शेजारणींना आषाढातच सांगून टाकलं, यंदा हळदीकुंकवाला आमच्याकडे. बसल्या जागी मनात मांडे खात होते मी.

जायच्या आधीच्या आठवड्यात जाऊबाई एका दुपारी एकट्याच आल्या. म्हणाल्या, "मला गौरीची साडी नेसवायला शिकव."

मला वाईट नाही वाटलं, उलट छाती फुगली. इतक्या वर्षांनी का होईना, ही बाई माझ्याकडे काहीतरी मागायला आली. भादव्याआधी मुखवटे काढत नाहीत, आणि स्टँडही बदलापूरला होता, म्हणून आम्ही स्वयंपाकघरातला पाण्याचा निळा ड्रम पुढे ओढला, त्यावर कळशी उपडी ठेवली आणि जुनी साडी घेतली. मी दाखवलं, आधी नाडी करकचून बांधायची, निऱ्या बोटांवर नाही, पट्टीवर घालायच्या, पिन बाहेरून दिसता कामा नये, पदर खांद्यावर टेकवायचा नाही, मानेच्या मागून आणायचा. त्यांच्या हातून निऱ्या सारख्या सुटत होत्या. मी पुन्हा घालून द्यायची. खरं म्हणजे मजा येत होती. ड्रम हळूहळू बाईसारखा दिसायला लागला तशा आम्ही दोघी हसायलाही लागलो.

"पण ताई," तोंडातल्या पिना सांभाळत मी म्हटलं, "तिकडे तुम्हाला हे कशाला लागणार?"

त्या निऱ्या दाबत खाली वाकल्या होत्या. "मुखवटे मी नेतेय ना," म्हणाल्या. "आईंनीच सांगितलं, घेऊन जा म्हणून. तुला बोलल्या नाहीत?"

मी तोंडातल्या पिना एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या. उरलेलं शिकवलं नाही. म्हटलं, दूधवाला यायची वेळ झाली. दूधवाला सकाळी येतो हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी हातातल्या निऱ्या सोडल्या, पर्स घेतली आणि निघाल्या.

सासूबाई गॅलरीत लसूण सोलत बसल्या होत्या. मी सरळ जाऊन समोर उभी राहिले.

"मुखवटे त्यांना दिलेत?"

"दिले."

"आणि मला? साड्या मी नेसवायच्या, पुरण मी वाटायचं, भांडी मी घासायची. आता तुमचं करायचंही मीच. आणि मुखवटे जर्मनीला?"

"तुझं करणं दिसतंय गो मला."

"दिसून काय उपयोग!" मी म्हटलं. आणि मग जे म्हटलं ते आजही मला तोंडपाठ आहे, कारण म्हणताना मी ते पुरतं ऐकलं होतं. "आई, मला तुम्ही नको होतात. मला गौरी हव्या होत्या."

सासूबाईंनी हातातली पाकळी सोलून पूर्ण केली, वाटीत टाकली. "बरं," म्हणाल्या. बस, एवढंच. रात्री जेवताना त्यांनी भाजी दुसऱ्यांदा मागितली नाही. एरवी मागतात.

एवढं होऊनही मुखवटे भरून कोणी दिले? मीच. जाऊबाईंनी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेले मी बघितले आणि मला राहवेना. नाक चेपलं असतं. मी माझ्या जुन्या सुती साड्या फाडल्या, एकेक चेहरा त्यात गुंडाळला, मध्ये कापूस घातला. पितळ वजनाला भारी, बॅग काट्यावर जास्त भरली. आता काहीतरी काढायला हवं होतं. मी बघत होते, आता ही मुखवटेच काढेल, काढ, काढ. त्यांनी फरचं जॅकेट काढून अंगावर चढवलं, आणि मी कुटून दिलेला मसाला बाहेर ठेवला. "हा तुलाच होईल गं," म्हणाल्या. गाडीत बसताना त्या रडल्या, मला घट्ट धरून रडल्या, आणि मलाही रडू आलं. कशाचं ते विचारू नका, त्यात निम्मं जॅकेटचं होतं.

त्यानंतर सासूबाई आणि मी एका घरात जपून वागायला लागलो. त्या चहाचा कप स्वतः विसळून ठेवायच्या. औषध मागायच्या नाहीत, उठून घ्यायच्या. नवऱ्याने एकदा विचारलं, "आई गप्प का असते?" मी म्हटलं, "मला काय माहीत." त्या दोन साड्या मी कपाटात खाली ढकलल्या आणि शेजारणींना सांगितलं, यंदा आमच्याकडे काही नाही.

गौरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी सासूबाई अंघोळ करून, बाहेर जायचं लुगडं नेसून दारात उभ्या. "चल. बदलापूरला जायचंय."

स्टेशनबाहेर डोंगरावरच्या वाडीतल्या बायका भाज्या आणि पानंफुलं घेऊन बसल्या होत्या. सासूबाईंचं माहेर वांगणीकडचं. त्या जुड्यांकडे बघत, मागे सारत एका म्हातारीसमोर बसल्या. तिच्याकडे तेरडा होता, गुलाबी फुलांचा, उंच.

"मुळांसकट हाय गो आये," ती म्हणाली, "बघ, माती बी हाय."

सासूबाईंनी जुडी उलटी करून मुळं तपासली, तुटलेली नाहीत ना ते बघितलं. मग मला म्हणाल्या, "आमच्या म्हायेरी मुखवटे नव्हते. तेरड्याची गौर. ही मुळं म्हंजे तिची पावलं."

मी म्हटलं, "तेरड्याचे रंग तीन दिवस."

"मंग गौर तरी कुठं चार दिवस राहते?" त्या म्हणाल्या, आणि जुडी माझ्या हातात दिली.

चेहरा म्हणून बाजारातून पुठ्ठ्यावर छापलेला आणला. भुवया सिरियलमधल्या बाईसारख्या. जुडी तांब्यात उभी केली, तांब्या पाटावर. ती सारखी एका बाजूला कलायची. साडी नेसवायला मी आधी तयारच नव्हते. मग बघवेना. खालून डाळिंबी साडी काढली. तेरड्याला नाडी आवळता येत नाही, देठ मोडतात. मला सगळं नव्याने करावं लागलं, हलक्या हाताने, फांद्यांच्या आधाराने. पदर फुलांच्या मधून आणला. सासूबाई बाजूला बसून पिना एकेक करून हातात देत होत्या. पूजेच्या संध्याकाळी बोलावलं नव्हतं तरी शेजारणी आल्या. एक म्हणाली, "अय्या, मुखवटे नाहीत?" आणि दुसरी म्हणाली, "काय नेसवलीय हो तुम्ही!" हे ती मला म्हणाली. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघत होते ते वाक्य आलं, आणि मला त्याच वेळी जर्मनीत काय चाललं असेल याचीच काळजी.

फोन आलाच. मुलीने मोबाइल पुढे धरला. मागे पांढऱ्या भिंतीचा हॉल, केवढा तरी मोठा, खिडकीत झाडं, स्वच्छ रस्ता. आणि मध्ये आमच्या ज्येष्ठा-कनिष्ठा. साड्या अशा नेसवलेल्या की जणू दोघींना आत्ताच गर्दीतून बाहेर काढलंय. एकीचा पदर कंबरेत, दुसरीच्या निऱ्या पोटावर. मला काय आनंद झाला सांगू! मी तो लपवलाही नाही.

"हसू नकोस गं," जाऊबाई म्हणाल्या. त्या दमलेल्या दिसत होत्या. "सकाळपासून करतेय. तू मधेच थांबलीस शिकवायची."

"फोन खाली धरा," मी म्हटलं. "नाडी सैल आहे. आधी ती आवळा." आणि खुर्चीवर बसून, पाय वर घेऊन मी त्यांना सगळं सांगितलं. उंटावर आता मी होते. निऱ्या, पट्टी, पिन, मानेमागून पदर. शेवटी त्या दोघी बायकांसारख्या दिसल्या. जाऊबाई आमच्या तेरड्याकडे बघत म्हणाल्या, "माझी मेलीची एक पिनसुद्धा सरळ लागत नाही." मग म्हणाल्या, "आई कुठेत? आईंना दे ना." सासूबाई बराच वेळ बोलल्या. मुखवटे चिंचेने घासलेस का, पुरणाची डाळ तिकडे मिळते का. जाऊबाई हो हो म्हणत होत्या आणि डोळे पुसत होत्या. फोन ठेवल्यावर सासूबाई येईल त्या बाईला सांगायला लागल्या, "माझ्या थोरलीनं जर्मनीत गौर बसवली." माझ्या तेरड्याचं नाव नाही. मी आत जाऊन भांडी जरा जोरातच घासली.

पितळी मुखवटे तिसऱ्या दिवशी डब्यात परत जातात. तेरडा पाण्यात सोडावा लागतो. सासूबाईंना वाहतं पाणी हवं होतं, म्हणून आम्ही रिक्षाने उल्हास नदीवर गेलो. मी जुडी पाण्यात धरली, सोडली. पुठ्ठ्याचा चेहरा आम्ही आधीच काढून ठेवला होता. फुलं वर आणि मुळं खाली अशी ती थोडी लांब गेली, मग आडवी झाली. रिकाम्या हाताने परतायचं नसतं म्हणून सासूबाई वाकून काठावरची ओली वाळू मुठीत घेत होत्या. ती घरात सगळीकडे टाकतात.

मला आता धीर धरवेना. "आई, खरं सांगा. मुखवटे त्यांना का दिलेत? थोरल्या म्हणून?"

"थोरली न् धाकटी!" त्यांनी हात झटकला. "अगो, ती चाल्ली इतक्या लांब. तिकडं थंडी, काम, नवी माणसं. रमली की ईसरंल. मुखवटे घरात असले की भादव्यात तरी तिला फोन करावा लागंल. आई, साडी कशी. आई, पुरण कसं. तिला बांधायला दिले मी ते."

"आणि मला?"

"तुला कशाला बांधू? तू कुठं जाणारेस?"

उल्हासनगरच्या त्या दुकानात जे ऐकलं, तेच पुन्हा. ये तो इधरच रहेगी. मला ते तेवढंच लागलं, जरा जास्तच. आमचे कोरे पासपोर्ट आठवले, आरशातली ती फरची टोपी आठवली. जाईन की मी पण, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

सासूबाईंनी तोवर माझ्या ओढणीचं टोक हातात घेतलं होतं. मुठीतली वाळू त्यात ओतली, पुरचुंडी केली आणि गाठ मारली. मग त्यावर दुसरी मारली. मग तिसरीही मारली, आणि ओढून बघितली. हे करताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी कुठे जाणार नव्हते, तर एवढ्या गाठी कशाला, असं विचारता आलं असतं. गॅलरीतल्या त्या दुपारनंतर त्यांनी विसळलेले कप मला आठवले, आणि मी विचारलं नाही. ओढणी एका बाजूने जड झाली होती. काठावरून वर येताना त्यांना चढ झेपेना, म्हणून मी हात दिला, आणि त्या नीट बसेपर्यंत रिक्षावाल्याला थांबवून धरलं.